निम्म्या माणसांची गोष्ट

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिथे पाहुणे सहसा फिरकत नाहीत, तिथे धुलाईखातं होतं. लांबट, ठेंगणी इमारत. एका टोकाला बॉयलर, मधे पिंपासारखी मोठाली यंत्रं, दुसऱ्या टोकाला इस्त्रीची खोली. आत शिरलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होत आणि दोन शब्द बोलायचे तरी ओरडावं लागे. तिथे आयुष्य काढलेली माणसं घरीही मोठ्यानेच बोलत, आणि शेजारपाजारच्यांना वाटे यांच्यात रोज भांडणं होतात.

या खात्याच्या मुकादमबाई. मुलगी असताना घड्या घालायला म्हणून आल्या आणि पुढे मुकादम झाल्या. त्यांची ख्याती एकच होती. चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चादरीच्या कोपऱ्यातला औषधाचा पुसट डाग, उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण, कुणाच्या तरी चेहऱ्यावरची झोप, सगळं त्यांना दारातूनच दिसायचं. ज्या दिवशी चूक सापडली नाही तो दिवस त्यांना चुकल्याचुकल्यासारखा वाटे. बॉयलर सांभाळणारे दादा वयाने त्यांच्यापेक्षा मोठे, तरी बाई येताना दिसल्या की विडी विझवून उगाच एखाद्या नळाला हात लावून उभे राहायचे.

एकदा व्यवस्थापक साहेबांनी त्यांना वर बोलावून घेतलं. बाई आपल्या चुका आठवत जिना चढल्या. वर बोलावणं म्हणजे तक्रार.

"बसा बाई. तुम्हाला प्रशिक्षणाला पाठवतोय," साहेब म्हणाले.

"माझं काही चुकलं का?"

"तेच शिकायचंय तिथे," साहेब हसले. "चुकलं काय, हे विचारायचं नाही."

प्रशिक्षण इस्पितळाच्याच नव्या इमारतीत होतं. प्रत्येक खात्यातून एकेक माणूस आला होता. शिकवणाऱ्या बाई किडकिडीत, चष्मा केसांत खोचलेल्या, आणि हसायला लागल्या की खुर्चीचा आधार घेणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की बहुतेक संस्था सुधारायला निघतात तेव्हा आधी दुखणं शोधतात. काय बिघडलं, कुणामुळे बिघडलं. मग माणसं आपापला बचाव करण्यात गुंततात आणि सुधारणा राहते बाजूला. आपण उलटीकडून जाऊ. हे खातं सगळ्यात चांगलं कधी चाललं होतं, ते तसं कशामुळे चाललं, आणि ते कारण अजून कुणाकुणात शिल्लक आहे, एवढं शोधू. त्यावरच पुढचं बांधू.

मुकादमबाईंच्या कपाळावर आठी पडली. शेजारी जुन्या केसपेपरांच्या खोलीतला माणूस बसला होता. सगळे त्याला 'धूळ' म्हणत. त्याच्याकडे झुकून त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे डाग असला तरी चादर पांढरी म्हणायची."

धूळ काही बोलला नाही. तो बोलतच नसे. पण पहिलाच पाठ जोडीने होता आणि बाईंच्या वाट्याला नेमका तोच आला. एकमेकांना विचारायचं, की कामात तुम्हाला सगळ्यात जिवंत वाटलं ती वेळ कोणती. बाईंनी प्रश्न विचारला आणि हा दोन शब्दांत आटपेल म्हणून वाट बघत बसल्या. त्याने बराच वेळ नखं न्याहाळली. मग सांगू लागला. एकदा एक म्हातारी आली होती, लहानपणीच दुरावलेल्या भावाचा शोध घेत. भाऊ याच इस्पितळात जन्मला एवढंच तिला ठाऊक होतं. त्याने सगळी खोली पालथी घातली आणि तो कागद काढून दिला. पुढे ती भावाला घेऊन आली होती, त्याला दाखवायला. "मला दाखवायला," तो पुन्हा म्हणाला. बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं हा माणूस जिन्यात समोरून येई, आणि त्याला चेहरा आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांना काही सुचेना. "आमचं काय. आम्ही धुतो, तुम्ही मळवता," त्या म्हणाल्या. सगळे हसले, त्याही हसल्या. घरी जाताना मात्र तो प्रश्न त्यांच्या मागोमाग आला.

घरी नवरा होता. पूर्वीचा शिंपी. हात थरथरायला लागल्यापासून त्याचं शिवणयंत्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं आणि तो खिडकीपाशी बसून असे. बाई इतकी वर्षं त्याला औषध घेतलंत का, जेवलात का, पाय वर घेऊन बसा, एवढंच विचारत आल्या होत्या. त्या संध्याकाळी त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं?"

"आज काय मधेच?"

"सांगा तर."

तो विचार करत राहिला, मग सावरून बसला. एका कुबड असलेल्या गवयाचा कोट, तो म्हणाला. लोक त्याच्यासाठी ढगळ कोट शिवायचे, कुबड झाकावं म्हणून. याने झाकायचा नाद सोडला. पाठीच्या मापाला पाठ घेतली, खांदे वेगवेगळे कापले. पहिल्यांदा घालून बघताना तो गवई आरशासमोरून हलेना. हे सांगताना नवऱ्याचे हात हवेत कापड कापत होते, आणि सांगण्याच्या भरात ते थरथरतही होते. मग त्याचंच त्याच्याकडे लक्ष गेलं. त्याने हात मांडीखाली घेतले.

"बरं, आता काय करू?" त्याने विचारलं.

बाई उठल्या. त्यांनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवणाऱ्या बाईंना बाजूला गाठलं. "चांगलं आठवून माणूस आणखी खचला, तर?"

त्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग तिथेच सोडायचं नाही. त्यातलं अजून काय उरलंय, हे विचारायचं."

तेही बाईंनी विचारून पाहिलं. नवरा म्हणाला, "नजर उरलीय. पण नजरेने टाका पडत नाही." आणि खिडकीकडे वळला.

तरीही, खरं सांगायचं तर, त्या शिकल्या. इतर जण चहाच्या सुटीकडे डोळे लावून बसायचे, या मात्र प्रश्न कसा विचारावा याचा सराव करायच्या. उत्तर येण्याआधी दम धरायचा, मधे सूचना द्यायची नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. जिभेला जन्मभराची सवय. पण शेवटी शिकवणाऱ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की ऐकायला कसं बसावं हे या मुकादमबाईंकडे बघून शिका. बाईंना कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या खाली बघत राहिल्या.

खात्यात परतल्यावर त्यांनी इस्त्रीच्या खोलीत सगळ्यांना गोलात बसवलं आणि यंत्रं बंद करायला लावली. एवढ्या शांततेने माणसं बावरली.

"आपलं खातं सगळ्यात चांगलं कधी चाललं होतं, असं तुम्हाला वाटतं?" बाईंनी विचारलं.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग दादा म्हणाले, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

एकच हशा पिकला. बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे लोक आणखीच घाबरले. बाईंनी दम धरला. शेवटी चौघडी बोलली.

चौघडी ही बाईंची जुनी मैत्रीण. दोघी एकाच वेळी कामाला लागल्या होत्या. पलंगभर चादर ती एका झटक्यात हवेत उडवायची आणि खाली येईपर्यंत तिच्या चार घड्या झालेल्या असायच्या, म्हणून ते नाव. मधे बाळंतपणांत तिची नोकरी तुटली आणि पुन्हा घेतलं ते रोजंदारीवर. ती तशीच राहिली आणि मैत्रीण मुकादम झाली, पण चौघडीने ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

"तापाची साथ आली होती तेव्हा," चौघडी म्हणाली.

आणि मग कोण थांबतंय. साथीत खाटा व्हरांड्यात आल्या होत्या. खात्यातली निम्मी माणसं स्वतःच तापाने पडली होती. त्यातच मोठं यंत्र बंद पडलं आणि दुरुस्तीला कुणी येईना. उरलेल्या निम्म्यांनी हौदात उतरून चादरी धुतल्या. दादांनी बॉयलरच्या उष्ण नळ्यांवर दोऱ्या बांधून वाळवायची सोय केली. घरी कुणी गेलं नाही, आळीपाळीने मळक्या कपड्यांच्या ढिगावरच झोपले. पण एकही आजारी माणूस कोरड्या, स्वच्छ चादरीवाचून राहिला नाही. एक वाक्य एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं, असं चाललं होतं. इस्त्रीवाला, जो बाईंशी कामापुरतंही बोलायचा नाही, तो उभा राहून हौदातून चादर कशी ओढायची ते करून दाखवत होता. बाईही तेव्हा त्या हौदात होत्या. पण त्यांना त्या दिवसांतली आठवत होती ती फक्त डागांची भीती.

"आणि त्यानंतर माझी पाठ गेली," दादा म्हणाले. "उठता येत नव्हतं. चौघडीच्या हातांची सालटं निघाली होती, एक नवी पोरगी तर काम सोडूनच गेली, तिला म्हणे स्वप्नातही पाणीच दिसायचं. तेही सांगायचं का?"

बाई क्षणभर अडखळल्या. मग शिकल्याप्रमाणे म्हणाल्या, "ते राहू द्या दादा. आता फक्त चांगलं तेवढं धरू."

दादांनी मान डोलावली. त्यांना तसंही ते सांगायला आवडत नव्हतं.

पुढचे काही महिने धुलाईखातं बदललं. हे कुणी नाकारू शकणार नाही. लोक काय मागतात ते बाईंनी विचारलं, आणि लोकांनी मागितलं ते अगदी साधं होतं. घडीचं टेबल कमरेच्या उंचीला हवं. इस्त्रीच्या खोलीला एक खिडकी हवी. आणि आपण धुतलेली चादर कुणाखाली जाते, ते एकदा बघायचंय. टेबल दादांनीच उंच करून दिलं. वॉर्डातल्या सिस्टर एका दुपारी खाली आल्या आणि चहा घेता घेता सांगून गेल्या, की ताजी चादर घातली की पेशंट तिच्यावरून हात फिरवतात, जवळजवळ सगळेच. इस्त्रीवाला त्या दिवशी घरी जाईपर्यंत शीळ घालत होता. बाई अजून डाग बघत, पण आता आधी विचारत, "हा निघत नव्हता तो कसा काढलास गं?" चौघडी म्हणे, "तुला हे कुणी शिकवलं त्याचं भलं होवो. आधी तुझी सावली पडली तरी माझी घडी चुकायची."

मग वरच्या सभागृहात मोठी बैठक ठरली. प्रत्येक खात्याने आपली सर्वोत्तम गोष्ट सांगायची. विश्वस्त येणार होते. बाईंनी चौघडीला पुढे केलं. ती नको नको म्हणत होती, पण उभी राहिली आणि तिने हौदाची गोष्ट अशी सांगितली की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले.

गोष्ट संपल्यावर एका वृद्ध विश्वस्तांनी अगदी आस्थेने विचारलं, "आणि हे सगळं तुम्ही किती जणांनी केलंत?"

"निम्मेच होतो आम्ही साहेब," चौघडी म्हणाली. तिचा आवाज अभिमानाने भरून आला होता. "नेहमीपेक्षा निम्मी माणसं."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात बाईंनी वाजवल्या.

खिडकी खरोखरच झाली. गवंडी येऊन भिंत फोडून गेला आणि इस्त्रीच्या खोलीत पहिल्यांदा ऊन पडलं. खिडकीचा रंग वाळला न वाळला तोच साहेबांचं बोलावणं आलं. या वेळी बाई घाबरल्या नाहीत. जिना चढताना, आता एक पंखाही मागावा असं त्यांच्या मनात होतं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "विश्वस्तांना तुमची गोष्ट फार भावली," ते म्हणाले. "फारच. त्यांचं म्हणणं असं पडलं की तुमच्या खात्याची खरी ताकद आपल्याला इतके दिवस कळलीच नव्हती. यंत्र बंद असताना, निम्म्या माणसांत तुम्ही हे करू शकता. आता तर यंत्रं चालू आहेत."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला.

"साहेब, ती साथ होती. तसं रोज नाही करता येत कुणाला. दादांची पाठ त्यातच गेली. एक मुलगी तर..."

"हे तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"नाही सांगितलं." बाईंचा आवाज खाली गेला. "चांगलं तेवढंच सांगायचं होतं ना."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी टेबलावरची पेनं सरळ लावली. "मी बोलून पाहिलं," ते म्हणाले. "पण निम्मी माणसं कमी करायचा ठराव झाला. आता एवढंच करता येईल, की कुणाला ठेवायचं ते तुम्ही सांगा. कुणात काय गुण आहेत, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. त्या पद्धतीनेच करू."

"मला नाही जमायचं."

"नाहीतर वरून होईल. रोजंदारीवरचे आणि वयाने मोठे आधी जातील. ते बघणार नाहीत कोण कसं आहे ते."

बाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आणले. एरवी नको तेवढ्या खोडी दिसणाऱ्या त्यांच्या नजरेला आता प्रत्येकात काही ना काही चांगलंच दिसत होतं. हे कुणी शिकवलं नसतं तर कदाचित त्यांनी नावं सांगूनही टाकली असती. "नाही," त्या म्हणाल्या. त्यापेक्षा आपणच नोकरी सोडावी, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मग खिडकीपाशी बसलेला नवरा आठवला आणि त्या दाराकडे वळल्या.

मग वरून झालं. दादा वयात बसत नव्हते, चौघडी रोजंदारीवर होती, इस्त्रीवाल्याचंही तेच. बाईंनी इस्त्रीच्या खोलीत सगळ्यांना पुन्हा गोलात बसवलं आणि सांगितलं. या वेळी यंत्रं कुणी बंद केली नव्हती, त्यामुळे त्यांना ओरडून सांगावं लागलं. एकदा सांगून ऐकू गेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा.

कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. दादांनी आपली कातडी टोपी खुंटीवरून काढली, आत बघितली आणि डोक्यावर घातली. चौघडी तेवढी मागे थांबली.

"तू मुद्दाम केलं नाहीस, ते कळतं मला," ती म्हणाली.

"मीच तुला उभं केलं."

"उभी मी राहिले. आणि मला आवडलं गं ते. आयुष्यात कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या." ती टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होती. "फक्त, तू मला विचारायला नको होतंस. मला माहीतच नव्हतं आपण इतकं मोठं काही केलं होतं ते. माहीत नसतं तर जाताना इतकं लागलं नसतं."

बाईही टेबलाची ती कड धरून उभ्या राहिल्या. मग चौघडीला घ्यायला तिचा मुलगा आला आणि ती गेली.

बाईंनी शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. "असं होतं कधीकधी," त्या पलीकडून म्हणाल्या. "पूर्ण गोष्ट सांगू द्यायची असते, त्रासासकट. मी ते नीट सांगायला हवं होतं. पण मुकादमबाई, पूर्ण गोष्ट सांगूनही विश्वस्तांनी हेच केलं नसतं, असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही."

खातं चालू राहिलं. चादरी आता दुपारच्या ऐवजी संध्याकाळी वर जातात, आणि ज्या दिवशी एखादं यंत्र रुसतं त्या दिवशी जातच नाहीत. उरलेली माणसं बोलत नाहीत फारशी. नव्या खिडकीतून ऊन येतं ते रिकाम्या टेबलावर पडतं. बाईंनी डाग बघणं जवळजवळ सोडून दिलंय. एक-दोनदा त्या चौघडीच्या घरी जाऊन आल्या. ती एका खाणावळीत भांडी घासते आता. चहा दिला, मुलांचं सांगितलं, इस्पितळाचा विषय काढला नाही.

आणि मग साहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं. स्वयंपाकघरातही ही पद्धत सुरू करायची होती. "तुमच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरंही होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

बाई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेल्या. पातेली पालथी घालून माणसं त्यांच्यावर बसली होती. धुलाईखात्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी त्यांच्याकडे सरळ बघत नव्हतं. बाईंनी प्रश्न विचारला. त्यांनी तो मुद्दाम निर्जीव आवाजात विचारला, जसा मुळीच विचारू नये असं त्यांना शिकवलं होतं तसा. आणि मनात म्हणत राहिल्या, कुणी बोलू नका.

पण मुख्य आचारी बोलला. थुलथुलीत, लाल तोंडाचा, एरवी सगळ्यांवर वसकन ओरडणारा माणूस. "एकदा गॅस संपला होता," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बदलायला लागला. बाईंनी तो बदल ओळखला. बाहेर अंगणात विटा मांडून चुली पेटवल्या होत्या, वारा सुटला होता, तरी अख्ख्या इस्पितळाला वेळेवर जेवण गेलं.

"किती जण होतात?" बाईंनी विचारलं.

"पाच."

बाई पुढे झुकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "वर सांगताना दहा सांगा. किंवा नकाच सांगू ही गोष्ट. दुसरी एखादी सांगा."

आचाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं त्या काय म्हणताहेत ते. आजूबाजूच्यांनाही कळलं होतं.

"पाचच होतो, बाई," तो शांतपणे म्हणाला. "दहा जणांत काय, कुणीही केलं असतं."

बाईंनी आणखी एकदा सांगून पाहिलं. वारा कुठल्या बाजूने होता, यावरून तोवर बाकीचे वाद घालायला लागले होते, आणि आचारी त्यांना दुरुस्त करण्यात रंगून गेला होता. बाई पालथ्या पातेल्यावर बसून ऐकत राहिल्या. ऐकायला कसं बसावं, ते त्यांना फार चांगलं येत होतं.